अस्वलाचा आवाज

कोकिळाअक्कांनी आयुष्यभर शाळेत खिचडी शिजवली, त्यामुळे धुळ्याच्या देवपुरातल्या अर्ध्या पोरांच्या पोटात त्यांच्या हातचं गेलेलं आहे. स्वभाव करडा, हात सढळ, आणि वाचन म्हणाल तर एसटी स्टँडवर गाड्या पुकारल्यासारखं. चौथी शिकलेल्या. ओळीखाली बोट धरायच्या आणि ससा असो की सिंह, दोघांनाही एकाच सुरात पुकारायच्या. आमच्या दोघींच्या घरात एकच भिंत, म्हणून ही शिक्षा मीही भोगली आहे.

त्यांची एकुलती एक मुलगी डिंपल मात्र वेगळ्याच मातीची. ती बालवाडीत शिकवायची. चित्रांची पुस्तकं जमवायचा तिला भारी नाद. पोरी साड्यांवर पैसे घालवतात, ही पुस्तकांवर घालवायची, आणि अक्का तिला त्यावरून रोज बोलायच्या. लग्न होऊन ती जळगावला गेली. जावई हेमराज, मोटारपंप दुरुस्तीचं दुकान, माणूस सरळ. पुढे मुलगी झाली, तेजल. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, डिंपल लेक घेऊन माहेरी यायची ती पिशवीभर पुस्तकं घेऊनच. दुपारी आमरस, सांजोऱ्या खाऊन सगळे सुस्तावले की ओट्यावर चटई पडायची. मांडीत तेजल, एका बाजूला अक्का, दुसऱ्या बाजूला मी, आणि गल्लीतली पोरं जागा मिळेल तिथे. मी शेंगा सोलायचं निमित्त करून बसायची, पण कान तिकडेच असायचे.

सगळ्यांत लाडकं पुस्तक अस्वलाचं. एका अस्वलाला आंब्यांनी लगडलेलं झाड सापडतं. माकड येतं, खार येते, पोपट येतो, आणि प्रत्येकाला अस्वल सांगतं, ‘हे सगळं माझं आहे.’ शेवटी ढीगभर आंब्यांपुढे ते एकटंच बसतं. छापलेलं असं साधं. पण डिंपल ते तसं वाचायचीच नाही. ती मान खाली घालायची, नाकातून जाड आवाज काढायची आणि आपल्या घरच्या अहिराणी बोलीत म्हणायची, “हाई बठ्ठं मन्ह शे.” ‘बठ्ठं’ म्हणताना हात असा पसरायची की शेजारच्या पोराला लागायचा. तेजल खिदळून खिदळून मांडीतून घसरायची. पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला लावायची.

तेजलला चौथं लागलं त्या वर्षी भाद्रपदात डिंपलला ताप आला. आधी साधा वाटला. मग दवाखाना, मग मोठा दवाखाना, आणि मग ती गेलीच. इतक्या घाईनं गेली की अक्कांना धड रडताही आलं नाही.

वर्षाच्या आत हेमराजनं दुसरं लग्न केलं. त्याला मी दोष देत नाही, घरात एवढंसं लेकरू होतं. मुलगी मुक्ताईनगरकडची, केळीबागायतदाराची, कामिनी. तिनं तेजलला पोटच्या पोरीसारखं जवळ केलं आणि तेजल तिलाच आई म्हणू लागली. हळूहळू पोर पहिली आई विसरून गेली. सुरुवातीला कुणी डिंपलचं नाव काढलं की ती रात्ररात्र दचकून उठायची म्हणे. म्हणून हेमराजनं ठरवलं, जाणती होईल तेव्हा आपणच सांगू, तोवर घरात तो विषय नको. विषय नको म्हणजे अक्काही नकोत, हे त्यानं तोंडानं सांगितलं नाही, पण तसंच झालं. नंतर कामिनीला मुलगा झाला, योगराज. जळगाव ते धुळे अंतर ते केवढं, पण तेजलचे पाय काही देवपूरला लागले नाहीत.

अक्का दर आखाजीला एक पुस्तक आणायच्या. दुकानदारासमोर उभ्या राहून प्रत्येक पान उलटून बघायच्या, आणि घरी आणून डिंपलच्या पुस्तकांवर पेटीत ठेवायच्या. मी म्हणायची, अक्का, कोण वाचणार आहे हे? त्या म्हणायच्या, तुझं काय जातं?

यंदा मात्र त्यांनी वेगळंच मनावर घेतलं. आमच्याकडे रीत आहे, पहिली बायको गेली तर दुसरीनं तिच्या माहेराला आपलं माहेर मानायचं. तिच्या आईनंही हिला लेक समजून सणाला बोलवायचं, साडी-चोळी करायची. ही रीत इतके दिवस अक्कांच्या घशाखाली उतरत नव्हती. डिंपलच्या जागी दुसरी कुणी जेवायला बसलेली त्यांना बघवणार नव्हती. पण नातीचं तोंड बघायचं तर दुसरी वाट नव्हती. लेकीला आखाजीला आणायला मुऱ्हाळी जातो, बहुधा भाऊच. इथे भाऊ नाही, म्हणून अक्का स्वतःच मुऱ्हाळी होऊन जळगावला गेल्या आणि कामिनीला म्हणाल्या, चल, माहेरी चल.

हेमराज तयार झाला. अट एकच, डिंपलबद्दल पोरीसमोर अक्षर काढायचं नाही. अक्कांनी शब्द दिला. मला कळलं तेव्हा माझं डोकं फिरलं. आईच्याच घरी आईचं नाव घ्यायचं नाही, हा कुठला न्याय? मी जावयाला चार शब्द सुनवायला निघाले होते. अक्कांनी माझा हात धरला.

“डिंपलनं नाव काढानं नही, सुनंदा. मन्ही आण शे तुले.”

आणि त्यांनी स्वतः स्टुलावर चढून भिंतीवरचा डिंपलचा हार घातलेला फोटो उतरवला, साडीत गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवला. मागे भिंतीवर रंगाचा एक उजळ चौकोन राहिला. तिथे त्यांनी कॅलेंडर लावलं.

तेजल आली. तिसरीत गेलेली, उंच, दोन वेण्या, बोलण्यात चुणचुणीत. तिच्या मनात काही गुंता नव्हताच. आईची एक आई मुक्ताईनगरला, एक धुळ्याला. “माझ्या आईला दोन माहेरं आहेत,” असं तिनं मला कौतुकानं सांगितलं. हसावं की रडावं मला कळेना. कामिनी बिचारी पाहुणीसारखी अंग चोरून वावरत होती. निंबाला बांधलेल्या झोक्यावर पोरं झुलली, आमरसाची जेवणं झाली, आणि दुपारी अक्कांनी ओट्यावर चटई टाकून पेटीतली पुस्तकं आणली.

तेजलनं वरचं एकेक पुस्तक उघडलं. जाड पुठ्ठ्याची पानं, एका पानावर चेंडू, एका पानावर मांजर. तिनं शहाण्या मुलीसारखं सगळं उलटून पाहिलं आणि म्हणाली, “आजी, ही लहान बाळांची आहेत ना?”

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, आणि अक्कांच्याही. इतकी वर्षं त्या चौथं लागलेल्या तेजलसाठीच पुस्तकं आणत होत्या. नजरेआड पोर मोठी होत होती, याचा हिशेब त्यांच्या मनानं धरलाच नव्हता. पुठ्ठ्याची पुस्तकं एकावर एक रचत बसल्या. मला फार वाईट वाटलं.

योगराजला मात्र खजिना सापडला होता. त्यानं ढिगातून नेमकं खालचं, पाठीला चिकटपट्टी लावलेलं, डिंपलचं अस्वल ओढून काढलं आणि ताईच्या मांडीत जाऊन बसला. कामिनी म्हणाली, वाच त्याला.

तेजल वाचू लागली. झाड, आंबे, माकड, सगळं शाळेतल्यासारखं स्वच्छ आणि खणखणीत. मग अस्वलाची ओळ आली. तिनं मान खाली घातली, तिचा आवाज एकदम जाड झाला, नाकातून आला.

“हाई बठ्ठं मन्ह शे.”

‘बठ्ठं’ला तिचा हात पसरला आणि मला लागला.

अक्कांच्या हातातलं पुठ्ठ्याचं पुस्तक तसंच राहिलं. जळगावच्या त्या घरात ही बोली कुणी बोलत नाही. योगराज खिदळला. तेजल मात्र थांबली होती. तिनं ओळीवर बोट ठेवलं, पुन्हा वाचलं आणि गोंधळून म्हणाली, इथे तर ‘हे सगळं माझं आहे’ असं छापलंय, मग मी असं कसं वाचलं? तिनं कामिनीकडे पाहिलं. “आई, तू मला असं वाचून दाखवायचीस का?”

कामिनीचा चेहरा उतरला. तिला खोटं बोलवेना. मला नाही गं येत असं, एवढंच ती म्हणाली आणि तिनं अक्कांकडे पाहिलं. मीही पाहिलं. एक नाव सांगितलं असतं तर पोरीला तिची आई मिळाली असती. माझ्या तर ते ओठांवर आलं होतं, पण अक्कांची आण होती.

अक्कांनी तिच्या केसांवरून हात फिरवला.

“मीच वो माय. मीच वाचू तुले असं.”

लहानपणी आजीच असं वाचून दाखवायची म्हटल्यावर तेजलचा चेहरा खुलला. तिनं पुस्तक अक्कांपुढे धरलं, मग आता वाचा ना, म्हणून हट्ट धरला. अक्का म्हणाल्या, आज घसा बसलाय. पुढच्या आखाजीला वाचीन.

दुसऱ्या दिवशी अक्कांनी कामिनीची ओटी भरली, साडी दिली. ती पाया पडायला वाकली ती पटकन उठेना. खालच्या आवाजात म्हणाली, “तुम्ही सांगितलं असतं तरी मी रागावले नसते, अक्का.” अक्कांनी तिला उठवून तिचा पदर नीट केला. पोर हसत जाऊ दे, एवढंच म्हणाल्या. पुठ्ठ्याची पुस्तकं योगराजच्या पिशवीत गेली. अस्वलाचं तेवढं तेजलनं स्वतःहून मागे ठेवलं. रिक्षातून डोकं बाहेर काढून तिनं बजावलं, “आजी, पुढच्या वेळी तुमचाच आवाज हं.”

त्यानंतर दुपारच्या वेळी भिंतीपलीकडून काहीतरी पुटपुटल्यासारखं ऐकू येऊ लागलं. मला वाटलं, पोथी वाचत असतील. एकदा न राहवून गेले. डिंपलचा फोटो पुन्हा भिंतीवर आला होता आणि अक्का त्याच्याकडे पाठ करून, मांडीवर अस्वल उघडून बसल्या होत्या. मला बघून लाजल्या, मग म्हणाल्या, “तू तं आयकेल शे तिनं वाचनं. अशीच करे का ती?” आणि त्यांनी तो आवाज काढला.

मी म्हटलं, अक्का, जरा खाली घ्या, नाकातून. त्यांनी पुन्हा काढला. आता मी रोज दुपारी जाते, समोर बसून ऐकते. ‘हाई बठ्ठं’पर्यंत आवाज बराच डिंपलसारखा येऊ लागलाय, हातही पसरतो. ‘मन्ह’ म्हणताना मात्र तो फुटतो, आणि अक्का पुन्हा पहिल्या पानावर जातात.