चहावरची बशी

ती घटना आठवायला मला आजही चहावर झाकलेली एक बशी पुरते.

मी तेव्हा बीडला पोलीस निरीक्षक होतो. जवळच्या पाली गावची एक बाई ठाण्यात आली. नवरा सरकारी कार्यालयात शिपाई, आजारपणात गेलेला. शेळ्या विकून दवाखाना केला होता. आता पोरींची शाळा गट विम्याच्या रकमेवरच अवलंबून होती. रक्कम मागायला नवऱ्याच्या कार्यालयात गेली, तर उत्तर मिळालं, "बाई, तुम्ही तर पैसे घेऊन गेलात."

मी तिथल्या लिपिकाला विचारलं, "ओळख कशी पटवली?"

"साहेब, ती बाई इतकी रडत होती, की फोटो ताडून बघणं बरं दिसेना."

पैसे परळीच्या एका खात्यात जाऊन लगेच काढले गेले होते. गुन्हा दाखल केला. खबऱ्यानं सांगितलं, मयतांच्या वारसांचे कागद करून देणारा एक दलाल त्या कार्यालयाबाहेर असतो. त्याला चौकशीला आणलं.

"मी नेकनूरचा हाय साहेब. परळी बघितलीबी न्हाई." एवढं एकच तुणतुणं. मी माझी करडी नजर रोखली. तिला घरी कुणी भीत नाही. तोही भ्याला नाही.

शेवटी हवालदार म्हणाले, "साहेब, चहा सांगू का? तुमीच दमलाव."

चहा आला. दलालानं कप हातात घेतला आणि लगेच त्यावर बशी झाकली. मला माझी परळीची सासुरवाडी आठवली. परळीला वीज केंद्राची राख घरात येते, म्हणून तिथं चहासुद्धा झाकतात. जावई म्हणून मी त्यावरून कायम थट्टा करत आलेलो.

सहज विचारलं, "काय बे, राख लई पडती का सध्या?"

"वाऱ्यावर हाय साहेब. आमच्या गल्लीत तर..." तो थांबला.

"नेकनूरच्या गल्लीत?"

संध्याकाळपर्यंत त्यानं सगळं कबूल केलं. रडणारी बाई त्याची मेहुणी निघाली. घरी सौ. म्हणाल्या, "म्हणजे तपास माझ्या माहेरानं लावला." हे मी केस डायरीत लिहिलं नाही.

लोकांचा निधी सांभाळणाऱ्यानं कनवाळू जरूर असावं, पण आधी फोटो बघावा. खरं दुःख बऱ्याचदा कोरड्या डोळ्यांनी रांगेत उभं असतं.

रक्कम मिळाल्यावर पालीची बाई सांगायला आली. जाताना दारात थांबली.

"साहेब, माझ्या मालकासाठी ती बाई लई रडली म्हणं?"

"हो. असं सांगतात."

"मला सवडच न्हाई झाली," ती म्हणाली. "आता रडते घरी जाऊन."