कण्हेरीचं कुंपण

बावन्नाव्या वर्षी बायका गुडघ्यांना तेल लावतात, सुनेची गाऱ्हाणी सांगतात, फार तर फार सहलीला जातात. नळकाकूंनी घोडी घेतली! ज्यानं ऐकलं त्यानं आधी कान चोळले आणि मग विचारलं, "कसली घोडी? रंगकामाची?"

"चार पायांची," काकू सांगायच्या. "शेपटीवाली."

काकू नळदुरुस्ती करायच्या. पिशवीत कायम पाना आणि वॉशरची डबी. कुणाकडे जेवायला बसल्या आणि मोरीत टप् टप् ऐकू आलं, तर घास खाली ठेवून उठणारी बाई. वाहता नळ म्हणजे त्यांच्या लेखी घरात शिरलेला चोर. गल्ली त्यांच्या काटकसरीची टिंगल करायची आणि नळ गळायला लागला की त्यांच्याच दारात यायची. जगाची रीतच आहे ती, त्यात नवल काय!

तर घोडी. घोडेस्वारी शिकवणाऱ्या एका शाळेचं नळकाम काकूंकडे होतं. काम झालं तरी बाई तिथून हलायची नाही. पुढे पुढे दर रविवारी त्या तिथे फुकट राबायला लागल्या. लीद उचलली, खरारा केला, खूर साफ करायला शिकल्या. तिथली एक तपकिरी घोडी उताराला लागली होती. पोरांना पाठीवर घेऊन गोल गोल फिरून तिचाही जीव विटला होता. शाळेनं सांगितलं, "नीट ठेवणार असाल तर घेऊन जा. आमच्या डॉक्टरीणबाई येऊन बघतील." सात वर्षांच्या असल्यापासून काकूंना घोडा हवा होता. त्या दिवशी घरी येताना बाई चक्क रस्त्यात गाणं म्हणत होती.

जागा होती. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पूर्वी काकांचा टेम्पो उभा असायचा. डोळे अधू झाले आणि काकांना तो विकावा लागला. त्यानंतर रोज सकाळी ते रिकाम्या शेडमध्ये जाऊन उगाच उभे राहायचे. काकूंनी शेड मागितली तेव्हा ते एवढंच बोलले, "माझी गाडी गेली. आण आता तुझी घोडी." मग वर्षभर त्यांनी तिकडे पाऊल टाकलं नाही. टोमणे मात्र घरबसल्या चालू होते.

"गाडी डिझेल संपलं की गप्प तरी बसायची. हिचं संपलं की ही बोंब मारणार."

"तुम्हीही तेच करता की," काकू म्हणायच्या. "तुम्हाला ठेवलंय ना मी?"

तबेला मात्र बाईनं असा उभा केला की बघत राहावं. बंद पडलेल्या व्यायामशाळेतले रबरी गालिचे जमिनीवर अंथरले, घोडीचा पाय घसरू नये म्हणून. कुणाच्या तरी न्हाणीघरातून काढलेला जुना टब पाण्यासाठी लावला आणि फ्लशच्या टाकीतला फ्लोट त्याला जोडला. घोडी पाणी प्यायली की टब आपोआप भरणार आणि भरला की पाणी आपोआप थांबणार, एक थेंब वाया नाही. मागच्या मोकळ्या जागेतलं गवत स्वतः कापलं, वाळवलं, शेडच्या कोपऱ्यात रचलं. आणि कुंपण? कुंपणाला तर दमडीही लागली नव्हती. रस्ता रुंद करताना उपटून टाकलेली कण्हेर काकूंनी केव्हाच आणून आवाराच्या कडेनं खोचली होती. ती आता डोक्याएवढी उंच वाढून फुलांनी डवरली होती.

"कण्हेरच का?" कुणी विचारलं तर काकू तोऱ्यात सांगायच्या, "शेळीसुद्धा तोंड लावत नाही हिला. जे जनावर खात नाही, तेच कुंपण टिकतं."

घोडी आली त्या दुपारी पहिला धक्का काकूंना काकांनी दिला. कुंपण एका रेषेत छाटलेलं! शेडचा उंबरा धुतलेला, गवताची गंजी नीट रचलेली. काका दाराशी कात्री घेऊन उभे होते, नव्या शर्टात.

"हे तुम्ही केलंत?" काकूंचा विश्वास बसेना. "अहो, कधी?"

"तू अंधारात कामाला जाऊन अंधारात परतायचीस तेव्हा. तीन-चार दिवस लागले. पाहुणी येणार तर बरं दिसायला नको?" काका लाजले. हो, लाजले! तीस वर्षांत काकूंनी ते पाहिलं नव्हतं.

घोडी ट्रकमधून उतरली, फुरफुरली, शेडमध्ये शिरली आणि थेट गव्हाणीत तोंड घालून खायला लागली. तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. हसतच आल्या. टब पाहून म्हणाल्या, "वा काकू!" आणि मग घोडीजवळ जाऊन एकदम थबकल्या. घोडीच्या ओठातून एक लांब, चिंचोळं, वाळलेलं पान लोंबत होतं.

"हे काय?" त्यांनी दोरी खेचून घोडीचं तोंड वर केलं, आत हात घातला, चघळलेला घास बाहेर ओढला. "कण्हेर! अहो, ही कण्हेर आहे! गवतात कण्हेर कुणी घातली?"

"मी," काका खुशीत म्हणाले. "छाटलेलं फुकट कशाला घालवायचं? उन्हात वाळवून मिसळलं. अजून पुष्कळ आहे आत."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "काका, मूठभर पानांत घोडा मरतो! ओलं असतं तर हिनं कडू म्हणून थुंकलं असतं. वाळल्यावर जनावराला कळत नाही, आणि विष मात्र तसंच राहतं."

घोडी पुन्हा गव्हाणीकडे मान नेत होती. मग काकू काकांकडे वळल्या आणि त्यांच्या तोंडून जे निघालं ते त्यांचं त्यांनाच खरं वाटेना.

"मुद्दाम केलंत! टेम्पो गेला त्याचा डूख धरून बसला होतात वर्षभर! नवा शर्ट घालून उभे राहिलात! कुंपणानंच शेत खाल्लं माझं!"

काकांनी कात्री खाली ठेवली. मग ते बाजूला झाले.

पुढचं सगळं घाईघाईत झालं. डॉक्टरीणबाईंनी घोडीला मागच्या अंगणात आणून खांबाला बांधलं, नाकातून नळी घातली आणि विष शोषून घेणारं कोळशाचं काळं पाणी पोटात सोडलं. नळीचं दुसरं टोक काकूंच्या हातात होतं. आयुष्यभर नळ्या हाताळल्या, पण आज निम्मं पाणी त्यांच्या कोपरावरून ओघळत होतं. मग डॉक्टरीणबाई घोडीच्या छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकत बसल्या. ऐकायच्या, थांबायच्या, पुन्हा ऐकायच्या. काकू त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. मावळतीला त्या उठल्या.

"ठोके सरळ आहेत. वेचून खाणारी आहे म्हणून वाचली, दोन-चारच पानं गेली असतील. शेडमधलं गवत सगळं फेका. घोडी राहू दे इथेच मधोमध, कुंपणापासून लांब. मी सकाळी येते."

सकाळी काकू उठून धावतच मागे गेल्या. घोडी खांबाशी उभी राहून शाळेतून आणलेला कोंडा खात होती. जिवंत! काकूंनी तिच्या मानेला मिठी मारली, आणि मग समोर बघितलं. कुंपण नव्हतं. सगळी कण्हेर मुळापासून उपटलेली, पोत्यांत कोंबून तोंडं बांधलेली. शेड झाडून रिकामी. आणि जिथून रस्त्यावर जायची वाट होती तिथे काका उभे होते, नव्या शर्टाच्या चिंध्या झालेल्या.

"इथे काय करताय?"

"कुंपण नाही ना आता. दोराचा काय भरवसा? सुटली तर रस्त्यावर जाईल. म्हणून उभा आहे."

"अहो... कण्हेर तर मी लावली होती."

"माहीत आहे."

"मग काल बोलला का नाहीत?"

"तू बोलत होतीस ना." काकांनी पोत्यांकडे पाहिलं. "खरंच वाटलं तुला तसं?"

खोटं बोलणं सोपं होतं. काकूंना जमलं नाही. "वाटलं. क्षणभर वाटलं. चुकले मी."

काकांनी मान हलवली आणि ते दोन पावलं पुढे आले. घोडीनं तेवढ्यात दोर ताणला, मान लांब केली आणि काकांच्या छातीला नाक लावलं. काका हललेही नाहीत. दोन्ही हात त्यांनी पाठीमागे घट्ट धरले होते.

"हात लावा की तिला," काकू म्हणाल्या.

"नको. चीक लागलाय हातांना."

काकूंनी ते हात पुढे ओढले. खरचटलेले, फोड आलेले, चिकानं काळे पडलेले. त्यांना ओढतच त्या टबाजवळच्या नळाशी घेऊन गेल्या. नळ सोडला, साबण लावला आणि एकेक बोट चोळून धुवायला लागल्या. काळं पाणी गेलं, मग करडं, मग स्वच्छ पाणी यायला लागलं. तरी त्या धूतच होत्या. पाणी पायांवरून वाहत अंगणभर पसरलं.

"अगं, नळ वाहतोय," काका म्हणाले.

"वाहू दे," नळकाकू म्हणाल्या.