तुपातलं काजळ आणि नळीतली मोकळी जागा

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ चुकतं आणि अक्षर वेडंवाकडं आहे, तेवढं सांभाळून घ्यावं. दादा, म्हणजे माझे थोरले दीर, मागच्या महिन्यात गेले. सकाळी पडवीत आपल्या कामाच्या बाकड्याशी बसले होते. मी चहा घेऊन गेले तर कानस खाली पडलेली आणि मान भिंतीला टेकलेली... मी हाक मारली, पुन्हा मारली.

अशी हाक मारायला मी फार उशिरा शिकले. आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिरासमोर जायचं नाही आणि बोलायचं तर मुळीच नाही. माझे यजमान बोटीवर नोकरीला, वर्षातले दहा महिने बाहेर. घरात सासूबाई, दादा आणि मी. दादांनी लग्न केलं नव्हतं. ते खांबाकडे बघून म्हणायचे, "आये, पाणी होया," सासूबाई मला सांगायच्या आणि मी तांब्या उंबऱ्यावर ठेवून मागे फिरायची. लग्नानंतर तीन वर्षं असंच चाललं.

दादा तरुणपणी लष्कराच्या बंदुकांच्या कारखान्यात होते. गावी परत आल्यावर त्यांनी परवाना काढून पडवीत दुरुस्तीचं काम मांडलं. पार खारेपाटणपासून माणसं यायची. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत राहायची. नळीत एक डोळा मिटून हा माणूस एवढं काय बघतो, ते मला कळेना. एकदा ते आंघोळीला गेल्यावर मी जाऊन बाकड्यावरच्या रिकाम्या नळीत बघितलं. आत शंखासारखा पीळ होता, चकचकीत चऱ्या वळत वळत उजेडाकडे गेलेल्या. दिवसभर त्या डोळ्यांपुढून हलल्या नाहीत.

गोवा मोकळा व्हायच्या आधीची गोष्ट. डोंगराकडचे एक जमीनदार आपली जुनी रायफल घेऊन आले. तिची हलकी गोळी डुकराला नुसतं जखमी करायची आणि ते माणसांवर उलटायचं. त्यांना जड गोळी हवी होती. दादांनी शिसं ओतून गोळ्या केल्या. मेण आणि मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, एकत्र वितळवून मीच दिलं. मग त्यांनी खांबाला विचारलं, "आये, काजळ आसा?" सासूबाईंनी माझी डबी नेऊन दिली. मी खिडकीतून बघितलं. एका गोळीला त्यांनी काजळ फासलं, दारू न भरलेल्या काडतुसाच्या तोंडात ती बसवली, बंदुकीत घालून बाहेर काढली, उजेडात फिरवून बघितली आणि मान डोलावली. मग दारू भरून तशीच पाच काडतुसं तयार केली. गोळी कुठे घासते का ते बघत असणार, एवढं मला कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई देवळात गेल्या. केलेलं काडतूस दादा आधी स्वतः बंदूक खांद्याला लावून उडवून बघत. ते निघायची तयारी करत होते. मी उंबऱ्यावरची माझी डबी उचलली. शेजारी कालची काळी गोळी होती. तिच्यावर बोट फिरवलं, उमटलेला ठसा लगेच भरून आला. माहेरी आईबरोबर काजळ धरताना ताटलीवरच्या सुक्या काजळीला बोट लागलं की बोटाची रेघन् रेघ दिसायची. तूप घातलं की काही दिसत नाही. काल घासलं असेल तर त्यांना दिसणार कसं?

दारामागे मी किती वेळ उभी होते कोण जाणे. त्यांनी बंदूक खांद्याला अडकवल्याचा आवाज आला.

"दादांनू, थांबा!"

ते जागच्या जागी थांबले. मागे वळले नाहीत. "कोण बोलता?"

"मी... ता काजळ तुपातला आसा. तेच्यार रेघ येवची नाय."

त्यांनी बंदूक उतरवून बाकड्यावर ठेवली. मग खांबाकडे बघून म्हणाले, "मगे कसला होया?"

"सुकी काजळी. वातीवर ताटली धरून."

मी दिवा आणि ताटली उंबऱ्यावर ठेवली. दादांनी गोळी पुसून तिच्यावर सुकी काजळी चढवली आणि पुन्हा बंदुकीत घातली. या वेळी ती बाहेर आली तेव्हा तिच्या खांद्यावर चार बारीक रेघा होत्या, मांजरीनं ओरबाडल्यासारख्या. दादांनी त्या रेघांवरून नख फिरवलं. पाचही काडतुसं त्यांनी एकेक करून डब्यात ठेवली.

"बंदूक फुटली असती?" मी विचारलं. आता तोंड उघडलंच होतं.

"फुटलीय असती. हयच माझो गाल आसतो." मग त्यांनी सांगितलं. काडतुसाच्या पुढे नळीत थोडी मोकळी जागा असते, तिथे चऱ्या नसतात. गोळीला चऱ्यांत शिरण्याआधी तेवढी धाव लागते. जड गोळी लांब, ती पुढे येऊन चऱ्यांना टेकते आणि मग आतला दाब भलताच वाढतो.

"मगे मागे ढकला."

"मागे ढकललंय तर दारूची जागा खाता ती."

"म्हणजे सारण तितक्याच आणि पारी ल्हान. करंजी फुटतलीच. सारण कमी करूक होया."

दादा इतके मोठ्यानं हसले की कोंबड्या उडाल्या. "करंजी! आमच्या कारखान्यातल्या सायबाक ह्या सांगूक होया होता!"

तेवढ्यात सासूबाई आल्या. "लाज खंय ठेवलंस गो?"

"आये, मीच इचारलंय तिका," दादा म्हणाले. त्यांच्या तोंडून ऐकलेलं ते एकच खोटं.

सासूबाई पंधरा दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत. दादांनी गोळ्या मागे बसवल्या, दारू कमी केली, बंदूक माडाला बांधून दोरीनं चाप ओढला आणि मगच जमीनदारांना निरोप धाडला. त्यानंतर खांबाशी बोलणं संपलं. "बघ गो हेका," म्हणून हाक यायची, मी हात पुसत जायची आणि दहा प्रश्न विचारायची. एकदाही ते कंटाळले नाहीत.

परवा तांदूळ निवडताना एक नवीन प्रश्न सुचला. बार काढून काढून चऱ्यांची सुरुवात झिजत असणार. मग ती मोकळी जागा वाढत जाते का? जुन्या बंदुकीत गोळी थोडी पुढे बसवायची का? सूप खाली ठेवून मी तशीच पडवीत गेले आणि बोलूनही गेले. मग बाकड्याकडे लक्ष गेलं.

मागे सासूबाई उभ्या होत्या. आता त्यांना नीट दिसत नाही.

"कोणाक इचारतंस गो?"

मला खोटं सांगवेना. "दादांका."

त्या भिंतीला धरून हळूहळू खाली बसल्या. म्हणाल्या, "इचार. मोठ्यान इचार."