शिफ्टमध्ये चार वेळा

पिंपरीच्या एका औषधांच्या कंपनीत मी पॅकिंगला होते. पट्ट्यावरून बाटल्या यायच्या, आम्ही बायका लेबलं लावून खोक्यात भरायचो. बायकांचा संडास पार गेटापाशी. जाऊन यायला वेळ लागतो म्हणून साहेबांनी फर्मान काढलं, शिफ्टमध्ये दोनदाच जायचं. युनियन म्हणाली, असलं बंधन चालणार नाही. तीन दिवस बोलणी झाली. खोलीत सगळे पुरुषच.

तिसऱ्या दिवशी युनियनचे पुढारी पेढे घेऊन आले. तोडगा निघाला होता. चार वेळा जायचं, आणि दर खेपेला सुपरवायझरच्या टेबलावरून पितळी बिल्ला न्यायचा.

मला सहावा महिना होता. मी पेढा घेतला नाही.

"भाऊ, चार हा आकडा कुणाला विचारून ठरवलात?"

"वहिनी, ते दोनवर अडले होते. दोघंही थोडं थोडं मागं सरकलो. समजून घ्या."

मागं कोण सरकलं होतं? साहेबांचा संडास केबिनला लागून. पुढाऱ्यांकडे कुणी बिल्ला मागत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाचव्यांदा उठले. सुपरवायझरनं वाट अडवली. "तुमच्या चार झाल्या."

"मला धरवत नाही हो."

"नियम तुमच्याच युनियननं मान्य केलाय."

तो बोलत असतानाच माझं पातळ भिजलं. सगळ्या खात्यासमोर.

माझ्या शेजारी कासारवाडीच्या एक वयस्कर मुसलमान बाई बसायच्या. आम्ही त्यांना चाची म्हणायचो. एरवी मान वर न करणाऱ्या चाची उठल्या आणि त्यांनी पट्टाच बंद केला. एकेक करत सगळ्या बायकांनी हात थांबवले.

साहेब आणि पुढारी, दोघं बरोबरच धावत आले. पुढारी म्हणाले, "चाची, पट्टा चालू करा. काढू काहीतरी मधला मार्ग."

"काढलात की. या पोरीच्या पोटावरून काढलात. आता आमच्याशी बोला."

संध्याकाळपर्यंत बिल्ला गेला, चारची अटही गेली. काही महिन्यांनी खात्यालगत संडासही बांधला. गेटसभेत पुढाऱ्यांनी ते आपलंच यश म्हणून सांगितलं, टाळ्या घेतल्या. चाचींचं नावही काढलं नाही.

त्या माणसाला मी कधीच माफ केलं नाही. सुपरवायझर निदान समोर उभा राहून नाही म्हणाला होता. यानं माझ्या वाटचं सोडून दिलं, आणि वर मलाच पेढा देत होता.