म्हातारी प्रेमळच हवी!

मराठी शिकवणाऱ्याला किस्से गोळा करावे लागत नाहीत, पेपर तपासायला घेतले की ते आपोआप जमतात. डोंबिवलीत मानपाड्याच्या आमच्या शाळेत बाकीचे त्यावर हसतात, माझं मात्र डोकं फिरतं. यंदा ते एका म्हातारीपायी फिरलं.

ही म्हातारी नववीच्या धड्यातली. मुलं तिचं राहतं घर विकायला येतात. ती त्यांना चहा पाजते, बाहेर काढते आणि आतून कडी लावते. गोष्ट संपली. प्रश्न ठरलेला, ‘म्हातारीची स्वभाववैशिष्ट्ये लिहा.’

*

जवळजवळ अख्ख्या वर्गाने लिहिलं, ‘म्हातारी प्रेमळ, त्यागी व सहनशील आहे.’ मी ओंकारला उभं केलं.

“धडा वाचलास का रे?”

“गाईडमध्ये असंच आहे, मॅडम.”

“अरे, ती पोरांना घराबाहेर काढते!”

“हो, पण प्रेमाने काढते ना!”

*

पाटणकर सर आमच्यात सीनियर. शेवटचे मार्क तेच देतात आणि नमुना उत्तरंही तेच काढतात. त्यातही तेच तीन शब्द! मी स्टाफरूममध्ये त्यांना गाठलं.

“सर, हिने त्याग कधी केला?”

“म्हातारी आहे ना? मग केलाच असेल!”

आणि सरांनी शांतपणे डबा उघडला. माझी भूकच मेली.

*

फक्त तन्वीने लिहिलं, ‘म्हातारी रागीट आहे. तिला घर सोडायचं नाही. तिचा राग बरोबर आहे.’ सरांनी शून्य दिलं. वर लाल पेनाने शेरा, ‘मोठ्यांचा आदर करावा.’

तन्वी माझ्याकडे आली. रडली नाही. “मॅडम, आता मी पण गाईडचंच लिहिते. डोकं कशाला लावायचं?”

संताप झाला माझा! एकच पोर धडा वाचून स्वतःचं लिहिते, आणि तिचीच ती सवय आम्ही मोडणार? सरांशी कडाडून भांडले. सर म्हणाले, “मार्क बदलणार नाही.”

*

ओपन डेला, म्हणजे पालकांना पेपर दाखवायच्या दिवशी, सगळ्यात शेवटी तन्वीबरोबर तिची आजी वर्गात आली. कोपरीला राहते, रिटायर्ड नर्स. पेपर तिने उभ्यानेच वाचला.

“शून्य का दिलंत?”

सर गोड हसले. “आजी, तुम्हीच सांगा. तुमच्यासारख्या प्रेमळ, सहनशील माणसाला कुणी रागीट म्हणतं का?”

“मला राग येतो. रोज येतो,” आजी म्हणाली. मग माझ्याकडे वळली, “मॅडम, पोरीला घेऊन जरा बाहेर थांबता का?”

आम्ही बाहेर आलो. मागे खाडकन आतून कडी लागली.

“कडी मी धरलीय. मार्क द्या, मग उघडते,” आजीचा आवाज आला.

सरांनी आधी समजावलं, मग विनवलं, मग आतून दार बडवायला लागले. “मॅडम, कुणाला तरी बोलवा हो! फार रागीट आहेत या!”

तन्वीने दाराला तोंड लावलं. “सर, मी तेच तर लिहिलेलं!”