राजुऱ्याहून आलेलं रजिस्टर

तेलंगणातल्या आमच्या नार्नूरला मी शाळेतून घरी आले तेव्हा पोस्टमननं दाराच्या फटीत खोचलेली चिठ्ठी दिसली. ताईच्या नावानं रजिस्टर आलं होतं. सात दिवसांत पोस्टातून न्या, नाहीतर परत जाईल. पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. टपाल कुठून निघालं तेवढं लिहिलेलं. राजुरा.

राजुरा म्हणजे ताईचं सासर. पाच महिन्यांपूर्वी नवऱ्याचा मार खाऊन ती अंगावरच्या साडीनिशी माहेरी आली होती. मास्तरकीच्या ट्रेनिंगची तिची सर्टिफिकिटं त्यानं कपाटात कुलूपबंद करून ठेवली होती.

बाबा चिठ्ठी वाचून खाटेवर बसले.

"वकिलाची नोटीस हाये. घ्यायची नाही. सही केली की अडकलो."

"अन् नाही घेतली तर?" आईनं विचारलं.

पुढचे पाच दिवस घरात कोणी त्या चिठ्ठीचं नावही काढलं नाही. आदिलाबादला मराठी शाळांसाठी शिक्षकांची निवड होणार होती, पण मूळ कागदांशिवाय ताईला तिथं कोण उभं करणार? सहाव्या दिवशी तिनं चपला घातल्या. बाबा दारात आडवे आले.

"काऊन घाबरता बाबा? मार मी खाल्ला. आता कागदालेबी भ्यावं का?"

बाबा बाजूला झाले. मी तिच्यामागं निघाले.

तेलुगू पोस्टमास्तरांनी जाड लिफाफा पुढं सरकवला आणि पोचपावतीच्या कार्डावर बोट ठेवलं. "यहाँ साइन करो, अम्मा."

ताईचा हात थांबला. सही होऊन ते कार्ड ज्या पत्त्यावर परत जाणार होतं, तो राजुऱ्याचा नव्हताच. नाव तिच्या सासूचं, पत्ता सासूच्या भावाच्या गावचा. अक्षर वेडंवाकडं, जोर देऊन काढलेलं.

सही करून तिनं लिफाफा फोडला. आत सगळी सर्टिफिकिटं होती. सोबत एक ओळही नाही. कपाटाची किल्ली म्हातारीनं कशी मिळवली, कोण जाणे.

"कार्ड घरी गेलं असतं तर त्यानं तिलेबी मारलं असतं," ताई म्हणाली आणि तिथल्याच बाकड्यावर बसली.

तिची निवड झाली. वकिलाची नोटीसही आली, दोन महिन्यांनी, शाळेच्या पत्त्यावर. वर्गाच्या दारातच सही करून ती फळ्याकडे वळली.

सासूच्या भावाच्या पत्त्यावर तिनं एकदा पत्र टाकलं, साध्या टपालानं. म्हातारीच्या अंगाशी येईल म्हणून सही मागणारं काही पाठवायची तिची हिंमत झाली नाही. उत्तर आलं नाही.