इटालियन गाडीवरचं कुंकू

शेजाऱ्याची गाडी साठच्या दशकातली इटालियन सेडान आहे. शर्यतीसाठी घडवलेलं आठ सिलिंडरचं इंजिन सौम्य करून चार दरवाजांच्या बॉडीत बसवलेलं. मालकाने कोट घालून ऑफिसला जावं आणि मोकळा रस्ता मिळाला की गुपचूप सुसाट निघावं, असा बनवणाऱ्यांचा बेत. बॉडीचे पत्रे लाकडी साच्यावर हाताने ठोकलेले. हे सगळं मला वडिलांनी सांगितलं.

वडील पुण्याला एका टूलरूममध्ये पत्र्याला आकार देणारे साचे, म्हणजे डाय, बनवत. आई गेल्यावर मी त्यांना इकडे ऑस्ट्रेलियात, केलीव्हिलला आणलं. पहिलं वर्ष ते हॉलमध्ये बसून राहिले. मग एका सकाळी शेजारच्या गॅरेजचं शटर उघडं दिसलं आणि ते रोज तिकडे जाऊ लागले. शेजारी निवृत्त ऑस्ट्रेलियन, एकटाच राहणारा. पहिल्याच आठवड्यात वडिलांनी दोन्ही मडगार्डांवरून तळवा फिरवला आणि मला दुभाषा म्हणून हाक मारली.

"त्याला सांग, डावं एकाने ठोकलंय, उजवं दुसऱ्याने. डावीकडच्याला घरी जायची घाई होती."

शेजारी इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. त्यानंतर कॉफीचे दोन मग असायचे.

गाडीचा निळसर करडा रंग कारखान्यातलाच होता. कडांना विरलेला, पण पुन्हा कधी न दिलेला. क्लबच्या प्रदर्शनात, मूळ स्थितीतल्या गाड्यांच्या गटात ती उतरणार होती.

दसऱ्याच्या सकाळी शेजारी गाडी उन्हात काढून दुकानात गेला. वडिलांनी आमच्या गाडीची पूजा केली आणि तबक घेऊन तिकडे गेले. बॉनेटवर ओल्या कुंकवाची पाच बोटं ओढली, झेंडूचा हार घातला. मी खिडकीतून पाहत होतो. थांबवलं नाही. मला ते छान वाटलं.

दोन तासांनी शेजारी परतला. ओल्या फडक्याने कुंकू निघालं. रंगात मुरलेले पाच गुलाबी पट्टे राहिले.

"नो वरीज, मेट," तो म्हणाला. फडकं घासत राहिला.

"त्याला सांग, आपण आपल्याच वस्तूची पूजा करतो," वडील म्हणाले. "परक्याच्या नाही."

मी एवढंच म्हणालो, "ही इज सॉरी."

"सॉरी मला कळतं रे," वडील म्हणाले. तबक उचलून घरी आले.

दुसऱ्या दिवशी शटर बंद होतं. नंतरही. कुंपणापाशी भेट झाली की शेजारी हात करतो, उकाड्याबद्दल बोलतो. प्रदर्शनात गाडी मूळ स्थितीच्या गटाऐवजी दुसऱ्या गटात उतरली, हे मला तिसऱ्याच माणसाकडून कळलं. वडिलांना मी सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

रविवारी पुण्याहून काकांचा फोन येतो. ते त्या गाडीची चौकशी करतात.

"विकली त्याने," वडील सांगतात.

कुंपणापलीकडे त्याच गाडीचं इंजिन सुरू होतं. वडील खिडकी लावून घेतात आणि काकांना गुडघ्याचं विचारतात.